बाप नावाची थाप

वर्गासमोर उभा राहून अकरा वर्षांचा एक मुलगा स्वतःची ओळख करून देतो. आवडता माणूस मायकेल जॅक्सन. घरी आजी, धाकटा भाऊ, भावंडांचा गोतावळा आणि एक बकरी. मग विषय वडिलांवर येतो आणि स्वारी सुसाट सुटते. वडील लाकडावर कोरीवकाम करणारे पट्टीचे कारागीर आहेत, खोल समुद्रात बुडी मारून खजिना काढतात, रग्बी संघाचे कप्तान आहेत. तो सांगत जातो आणि पडद्यावर ती ती दृश्यं उलगडत जातात. असे थोर वडील घरी का नाहीत? तर कामात आहेत म्हणून. खरं काय ते वर्गातल्या इतर पोरांना ठाऊक असतं. बाप चोरी-दरोड्यापायी तुरुंगात आहे.

'बॉय' या न्यूझीलंडच्या सिनेमाची ही सुरुवात. तायका वायटीटी या माओरी दिग्दर्शकाचा हा सिनेमा जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, लगेचच बर्लिन महोत्सवाच्या बालकिशोर विभागात सर्वोत्कृष्ट ठरला आणि मार्चमध्ये मायदेशी प्रदर्शित झाला. तिथं त्यानं जे केलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. जेमतेम ४३-४४ लाख वस्तीच्या देशात त्यानं ९० लाख न्यूझीलंड डॉलरच्या वर कमाई केली आणि देशातल्या सिनेमांचे तोवरचे सगळे विक्रम मोडले. आधीचा विक्रम 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन'च्या नावावर होता. त्यातला 'इंडियन' म्हणजे मोटारसायकल, आणि ती चालवणारा होता अँथनी हॉपकिन्ससारखा जगन्मान्य नट. 'बॉय'मध्ये होती पूर्व किनाऱ्यावरच्या एका आडगावची, पूर्वी कुणी नावही न ऐकलेली पोरं.

ते गाव म्हणजे वायहाऊ बे. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व टोकाकडे समुद्राला चिकटून जाणारा एक रस्ता आहे. ओपोटिकी हे लहानसं शहर सोडलं की साधारण शंभर किलोमीटरवर हे गाव लागतं. तिथं ते-व्हानाउ-आ-अपानुई या माओरी जमातीची वस्ती आहे, आणि वायटीटी वडिलांकडून याच जमातीचा. आईवडील वेगळे झाल्यावर तो वेलिंग्टनमध्ये शिक्षिका असलेल्या आईकडे वाढला, पण बालपणाचा मोठा भाग याच किनाऱ्यावर गेला. सिनेमा त्यानं तिथंच चित्रित केला. पडद्यावरचं घर उभारलेला सेट नाही, तो लहानपणी ज्या घरात राहिला तेच ते घर. त्या घराची जमीन, त्यापुढचं कुरण, त्यावर पडणारं ऊन यांच्यात जो ओळखीचा भाव आहे तो पाहुण्या कॅमेऱ्याला सापडला नसता.

गोष्टीचं साल १९८४. बॉय हे त्याचं हाकेचं नाव. खरं नाव अलामेन, बापाचंच. १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईत न्यूझीलंडची २८ वी माओरी पलटण लढली होती. अशा रणभूमींची नावं पुढं अनेक घरांत मुलांना मिळाली. बॉयच्या पिढीपर्यंत नावांचा उगम बदलला. त्याच्या भोवतीच्या मुलांची नावं डॅलस, डायनॅस्टी, म्हणजे थेट त्या काळच्या अमेरिकन मालिका. एकाचं नाव होल्डन, तर तो ऑस्ट्रेलियन मोटारींचा तेव्हाचा ब्रँड. दूरच्या गावात बाहेरचं जग कसं येऊन पोचतं, हे वायटीटीनं नुसत्या हजेरीपटावरून दाखवलं आहे.

घर आजी चालवते. आई धाकट्या रॉकीच्या जन्माच्या वेळी गेली. एके दिवशी आजीला एका अंत्यविधीसाठी वेलिंग्टनला जावं लागतं. माओरी समाजात मृत्यू हा काही तासांत उरकायचा विधी नसतो. दिवंगताभोवती आप्तेष्ट कित्येक दिवस जमतात, जेवतात, भाषणं करतात, गातात, रडतात. त्यामुळं आजी आठवडाभरासाठी निघते आणि अर्धा डझन पोरांचा संसार अकरा वर्षांच्या बॉयच्या गळ्यात पडतो. तो स्वयंपाक करतो, लहानांना अंघोळी घालतो, ओरडतो, समजूत काढतो. बाप कसा असावा याचं उत्तर या पहिल्या काही मिनिटांतच मिळून जातं, कारण त्या घरात बापाचं काम एक पोर करत असतं. प्रेक्षकाला ते कळतं. पोराला मात्र कळत नाही. त्याचे डोळे रस्त्याकडे लागलेले असतात.

आणि एका रात्री खरोखरच गाडी येते. गाडीतून तीन माणसं उतरतात आणि त्यांतला एक बाप असतो. 'क्रेझी हॉर्सेस' या टोळीचा हा म्होरक्या, आणि टोळीत हे तिघेच. तो पोरांना भेटायला आलाय असं बॉयला वाटतं. खरं तर तो पैशांसाठी आलाय. तुरुंगात जाण्यापूर्वी चोरीच्या पैशांची पिशवी त्यानं घराजवळच्या कुरणात पुरून ठेवली होती. कुंपणाच्या एका खांबापासून पावलं मोजून जागा नक्की केली होती. पावलांचा हिशेब त्याच्या लक्षात आहे, खांब कोणता ते विसरलाय.

इथून सिनेमाची खरी गंमत सुरू होते. कुरण आता खड्ड्यांनी भरायला लागतं. सकाळी खांबापाशी जायचं, पावलं मोजायची, खणायचं, काही सापडलं नाही की पुढचा खांब. बापाला दोन दिवसांत कंटाळा येतो, फावडं पोराच्या हाती जातं, आणि पोरगा जीव तोडून खणत राहतो. त्याच्या दृष्टीनं हा बापाबरोबर घालवलेला वेळ आहे. एका बाजूला हसू फुटतं, कारण सगळं कुरण उंदरांनी पोखरल्यासारखं दिसायला लागतं. दुसऱ्या बाजूला घशात आवंढा येतो, कारण घामाघूम झालेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर इतकं सुख असतं. हे दोन्ही एकाच चौकटीत, एकाच वेळी घडतं. आधी हसवायचं आणि मग रडवायचं अशी आळीपाळी वायटीटी करत नाही. 'बॉय'चं मोठेपण इथं आहे.

बापाची भूमिका वायटीटीनं स्वतः केली आहे, आणि ती त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत धाडसी भूमिका म्हणावी लागेल. हा अलामेन दुष्ट नाही. दुष्ट असता तर मुलाचं काम सोपं झालं असतं. तो मोठाच झालेला नाही. एकटाच कुरणात हाती काठी घेऊन लढाई लढाई खेळतो. मुलानं 'बाबा' म्हटलेलं त्याला रुचत नाही. त्या काळी गाजलेल्या 'शोगन' मालिकेचं भूत डोक्यात बसलेलं, म्हणून त्याच नावानं हाक मार असं तो सांगतो. तो हसवतो, लाडात येतो, जवळ घेतो, फुशारक्या मारतो, आणि त्याचं बिनसलं की घरातली हवा एका क्षणात गोठते. ज्यांनी असा माणूस घरात पाहिला आहे त्यांना हा क्षण ओळखीचा वाटेल. आख्खं घर त्याच्या मूडवर चालतं आणि पोरं तो मूड वाचण्यात तरबेज होतात.

धाकटा रॉकी मात्र बापाच्या जाळ्यात चटकन येत नाही. त्याला बापाची आठवणच नाही, म्हणून त्याच्यापाशी बापाची थापही नाही. त्याचं ओझं वेगळं आहे. आपल्या अंगात काहीतरी शक्ती आहे आणि तिच्यामुळं माणसांना इजा होते अशी त्याची पक्की समजूत आहे. आपल्या जन्माच्या वेळी आई गेली ती आपल्याच शक्तीनं, असं हे सहा-सात वर्षांचं पोर मनाशी धरून बसलंय. त्याचं हे जग सिनेमात खडूनं काढलेल्या चित्रांतून येतं. वेड्यावाकड्या रेघांची ती चित्रं हलायला लागतात आणि ज्याविषयी मूल बोलू शकत नाही ते सांगून जातात. ते-आहो-आहो एकेटोने-व्हिटू या छोट्यानं रॉकी असा काही केला आहे की तो गप्प बसलेला असला तरी नजर त्याच्यावरून हटत नाही. गावात वेडगळ समजल्या जाणाऱ्या एका माणसाशी, नदीकाठी, त्याची मैत्री जमते. या मैत्रीवर वायटीटी फारसा वेळ घालवत नाही, पण ती पुरते.

बॉय बापाकडे पाहतो ते मायकेल जॅक्सनच्या चष्म्यातून. जॅक्सनचा 'थ्रिलर' १९८२ च्या अखेरीस आला होता आणि १९८४ मध्ये जगभरातल्या पोरांना वेड लावत होता. एकदा बापाचं रूप जॅक्सनशी जुळलं की बॉयच्या डोळ्यांत बाप काहीही करो, त्याचं नाचगाण्याच्या दृश्यात रूपांतर होतं. मार खाणारा बापसुद्धा. हा निव्वळ विनोदासाठी केलेला चमत्कार नाही. मूल जे पाहू शकत नाही त्यावर ते स्वतःच पडदा ओढतं, आणि तो पडदा त्याच्या हाताशी जे आहे त्याचाच बनतो. गावात सिनेमागृह नाही, घरात बाप नाही, पण जॅक्सन आहे.

१९८४ हे साल आणखी एका कारणानं महत्त्वाचं. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या लोकप्रियतेच्या यादीत 'पोई ए' हे माओरी भाषेतलं गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याची कहाणी सांगण्याजोगी आहे. पटेआ हे पश्चिम किनाऱ्यावरचं लहान गाव मांस गोठवण्याच्या कारखान्यावर जगत होतं. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला आणि गावाचा कणाच मोडला. तिथल्या डॅल्वेनियस प्राइम या संगीतकारानं एनगोई पेवहाइरांगी या कवयित्री-शिक्षिकेच्या शब्दांना चाल लावली. दोरीला बांधलेले चेंडू लयीत फिरवण्याचा पारंपरिक नाच आणि त्या काळचा इलेक्ट्रॉनिक ठेका यांची त्यानं सांगड घातली. मोठ्या कंपन्यांनी नाकारल्यावर त्यानं स्वतःच कंपनी काढून ते गाणं बाजारात आणलं. गाणारे होते पटेआच्याच माओरी क्लबचे लोक. माओरी भाषेला देशाच्या अधिकृत भाषेचा दर्जा मिळायला तेव्हा अजून तीन वर्षं अवकाश होता. 'बॉय'च्या अखेरीस सगळी पात्रं मिळून नाचतात त्यात 'पोई ए' आहे, 'थ्रिलर'च्या हालचाली आहेत आणि 'हाका' हे माओरींचं आवेशपूर्ण पारंपरिक नृत्यही आहे. सिनेमा चालला आणि २६ वर्षांपूर्वीचं ते गाणं पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत जाऊन बसलं. २०१६ मध्ये त्यावर एक संपूर्ण माहितीपटही निघाला.

हा सिनेमा एका झटक्यात सुचलेला नाही. त्याचं बी 'टू कार्स, वन नाइट' या अकरा मिनिटांच्या कृष्णधवल लघुपटात आहे. याच किनाऱ्यावरच्या ते-काहा गावातल्या दारूच्या गुत्त्याबाहेर दोन गाड्या उभ्या असतात. मोठी माणसं आत पीत बसली आहेत. एका गाडीत दोन भाऊ, दुसरीत एक मुलगी. आधी खिडकीतून चिडवाचिडवी होते, मग हळूहळू मैत्री. एवढीच गोष्ट. या लघुपटाला २००५ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं. सोहळ्यात नावं वाचली जात असताना कॅमेरा वायटीटीवर आला तेव्हा त्यानं झोप लागल्याचं सोंग केलं आणि न्यूझीलंडभर त्याचं नाव झालं. त्याच वर्षी सनडान्सच्या पटकथा कार्यशाळेत तो 'बॉय'चा आराखडा घेऊन गेला. तेव्हा सिनेमाचं नाव वेगळं होतं. पण हाती असलेल्या गोष्टीची घाई त्यानं केली नाही. मधे 'ईगल व्हर्सेस शार्क' हा दुसराच सिनेमा केला आणि 'बॉय'वर काम करत राहिला.

मुख्य भूमिकेतला मुलगा तर अगदी ऐनवेळी सापडला. जेम्स रोलस्टन हा ओपोटिकीचा मुलगा गर्दीतल्या किरकोळ कामासाठी आला होता. आधी निवडलेल्या मुलाच्या जागी चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना त्याला घेतलं गेलं. वायटीटीचा हा निर्णय किती बरोबर होता ते पहिल्या दृश्यातच दिसतं. हा मुलगा कॅमेऱ्यासमोर गोड दिसण्याची धडपड करत नाही. थापा मारताना त्याच्या चेहऱ्यावर थापेचा आनंद असतो, थाप पकडली गेली की क्षणभर काहीच नसतं, आणि मग दुसरी थाप तयार होते.

सिनेमाच्या उत्तरार्धात या थापांची किंमत चुकवावी लागते. पैशांची पिशवी अखेर बॉयलाच सापडते. तो ती बापाला देत नाही, बकरीच्या निवाऱ्यात लपवतो, आणि बकरी नोटा खाऊन टाकते. बापाला खूश करण्यासाठी तो एक गुपित फोडतो. मैत्रीण डायनॅस्टीचा बाप राखत असलेलं गांजाचं पीक कुठं आहे ते सांगतो. त्याची झळ डायनॅस्टीला बसते. हे कथानकातलं सर्वांत कडू वळण आहे. आपण ज्याच्यासारखं व्हायला निघालो त्याच्यासारखं होणं म्हणजे काय, हे बॉयला तिथं पहिल्यांदा कळतं. मग शेवटची थाप गळून पडते, आणि ती त्यानं जगाला मारलेली नसते, स्वतःलाच मारलेली असते. आई गेली त्या रात्री बाप तिच्याजवळ होता अशी एक आठवण तो इतकी वर्षं जपत आलेला असतो. तसं काही घडलंच नव्हतं. बाप तिथं नव्हता. हे तो बापाच्या तोंडावर सांगतो, आणि पडद्यावरचा अलामेन त्या क्षणी खरोखरच लहान पोरासारखा दिसायला लागतो.

बापाचं पुढं काय होतं? सिनेमा त्याला फासावर चढवत नाही आणि त्याला पदरातही घेत नाही. आईच्या थडग्यापाशी दोघे मुलगे जातात तर तिथं तो आधीच बसलेला असतो. त्यांच्यात फार बोलणं होत नाही. बाप जपानला निघून गेला असं समजून चाललेला रॉकी त्याला जपानचा प्रवास कसा झाला ते विचारतो. त्या प्रश्नात सगळं माफ केल्याचा सूर नाही, पण दार आपटून बंदही केलेलं नाही. पटकथाकार म्हणून वायटीटी इथं थांबला ते फार योग्य केलं.

काही जणांना त्या वेळी हा सिनेमा जास्तच हलकाफुलका वाटला. घरात मारहाण, टोळ्या, दारू, गांजा आणि वर विनोद? या शंकेमागे एक इतिहास होता. १९९४ च्या 'वन्स वेअर वॉरियर्स'नं माओरी घरातल्या हिंसेचं इतकं दाहक चित्र दाखवलं होतं की त्यातला जेक हा बाप देशभर ओळखला जाऊ लागला. २००२ च्या 'व्हेल रायडर'मध्ये बाप युरोपात निघून गेलेला, मुलगी आजोबांच्या छायेत, आणि वर दंतकथेचं गांभीर्य. म्हणजे माओरी माणूस पडद्यावर एक तर उद्ध्वस्त होता किंवा पुराणातला होता. पोरांनी खिदळावं, मुलींवर छाप पाडायला नाचावं, टोपणनावांवरून भांडावं एवढं साधं आयुष्य त्याच्या वाट्याला पडद्यावर क्वचितच येत होतं. वायटीटीनं ते आणलं, आणि त्यातलं दुःखही लपवलं नाही. सिनेमाच्या निर्मात्यांमध्ये क्लिफ कर्टिस होता, ही गोष्ट म्हणूनच लक्षात घ्यायला हवी. 'वन्स वेअर वॉरियर्स'मधला तो भयानक काका आणि 'व्हेल रायडर'मधला तो निघून गेलेला बाप, दोन्ही भूमिका त्यानंच केल्या होत्या.

घरात नसलेला बाप वायटीटीला पुढंही सोडून गेला नाही. २०१६ च्या 'हंट फॉर द वाइल्डरपीपल'मध्ये सरकारी व्यवस्थेनं घरोघरी फिरवलेला रिकी आणि चिडखोर म्हातारा हेक यांची जोडी आहे. 'बॉय'चा कमाईचा विक्रम मोडला तो याच सिनेमानं. २०१९ च्या 'जोजो रॅबिट'मध्ये दहा वर्षांच्या जर्मन मुलाचा बाप युद्धात गेलेला आहे आणि रिकाम्या जागी मुलानं हिटलरला मनातला सवंगडी करून बसवलं आहे. त्या सिनेमाच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. मनातला तो हिटलर वायटीटीनंच केला. 'बॉय' आणि 'जोजो' पाठोपाठ पाहिले तर दिसतं की दोन्हीकडे मुलानं स्वतःसाठी घडवलेला खोटा नायक हा दिग्दर्शक स्वतःच्या अंगावर घेतो. त्या नायकाला तो इतका हास्यास्पद करतो की मुलाला अखेर त्याला घराबाहेर काढता यावं.

रोलस्टननंही पुढं अभिनय सुरू ठेवला. 'बॉय'नंतर चार वर्षांनी 'द डार्क हॉर्स' आला. जेनेसिस पोटिनी हा गिस्बर्नचा खराखुरा बुद्धिबळपटू, मनोविकाराशी झुंजत गरीब वस्तीतल्या पोरांना बुद्धिबळ शिकवणारा. ती भूमिका क्लिफ कर्टिसची आहे. रोलस्टन त्याचा पुतण्या झाला आहे. या मुलाचा बाप घरातच आहे, एका टोळीचा माणूस आहे, आणि पोराला त्याच टोळीत भरती करायला निघाला आहे. 'बॉय' पाहिल्यावर हा सिनेमा जरूर पाहावा. तोच चेहरा आता काही वर्षांनी मोठा झाला आहे, समोर पुन्हा टोळीचं चामडी जाकीट आहे, आणि या वेळी ते अंगात घालण्याची त्याला अजिबात इच्छा नाही.